माझ्या नावाने ठेवलेला नारळ

माझ्या नावाने राखणदाराकडे नारळ ठेवला गेलाय, हे मला मानकऱ्याने भर रस्त्यात सांगितलं. मी किनाऱ्यावरून बांगडे घेऊन घरी येत होतो. त्याने सायकल थांबवली, एक पाय जमिनीवर टेकला आणि म्हणाला, तुका म्हायत असाक होया म्हणान सांगतंय, माजो काय दोष नाय. आणि गेला. मी तिथेच उभा राहिलो. हातातल्या पिशवीतून पाणी गळून चप्पल भिजली, तरी हललो नाही.

नारळ ठेवणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे कोणावर अन्याय झाला, काही चोरीला गेलं आणि करणारा हाताला लागत नाही, तर माणूस राखणदाराच्या, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाच्या, दगडापुढे नारळ ठेवतो. मानकरी त्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतो की देवा, ज्याने हे केलं त्याला पुढ्यात आणून उभा कर. मग तो नारळ तिथेच राहतो, ठेवणारा उचलेपर्यंत. कोणी पोलिसात तक्रार केली तर माणूस वकील शोधतो. नारळ ठेवला तर त्याच्याशी गाव जपून बोलायला लागतं. माझ्या घराण्यात आजवर कोणाच्या नावाने नारळ ठेवला गेला नव्हता. आम्ही ठेवले असतील. आमच्या नावाने कधी नाही.

आणि ठेवला कोणी, तर शेजारच्या चुलत भावाने.

आमची दोन घरं एकाच माडाच्या बागेत. मध्ये चिऱ्यांचा गडगा, माणसाच्या कमरेएवढा. ह्या गडग्यावरून आणि त्यातून जाणाऱ्या पायवाटेवरून आमची ऐन उमेद मालवणच्या कोर्टात गेली. वाट त्याची की माझी, ह्यावर. शेवटी दोघांच्या बायका गेल्या, आणि वाटेवरून जायला उरलो आम्ही दोघेच. एका गणपतीत तो न बोलता आरतीला येऊन उभा राहिला. मी त्याच्या हातात टाळ दिले. तेव्हापासून बोलणं सुरू झालं. आता आमच्या पिढीतला तो एकटाच मला नावाने हाक मारणारा उरलाय. ते बोलणं परत तुटायची वेळ आली होती, आणि तेही एका कॉम्प्युटरपायी.

त्याचा मुलगा बोटीवर आहे, परदेशी मालवाहू बोटीवर. बापाला फोनवरचं तोंड दिसत नाही, डोळे अधू झालेत, म्हणून मुलाने मोठ्या पडद्याचा कॉम्प्युटर घेऊन दिला. बोट बंदरात लागली की मुलगा त्यावर दिसायचा. हा आंघोळ करून, सदरा घालून समोर बसायचा. माझ्या घरी कॉम्प्युटर आहे तो सुनेचा. ती पाहुण्यांना दोन खोल्या भाड्याने देते, तारकर्लीला आता घरोघर तोच धंदा. खोल्यांची सगळी बोलणी त्यावर चालतात. इंटरनेटची लाइन दोन घरांत मिळून एकच घेतलेली. तिची पेटी माझ्या भिंतीवर, आणि तिथून एक वायर गडग्यावरून त्याच्याकडे.

तर त्याच्या कॉम्प्युटरवर काही दिवसांपासून काहीच लागत नव्हतं. काही उघडायला गेलं की एकच वाक्य यायचं, प्रॉक्सी सर्व्हरशी जोडता येत नाही. मुलाची बोट बंदरात लागून गेलीसुद्धा, आणि हा सदरा घालून बसून राहिला. माझ्याकडे मात्र सगळं ठणठणीत. सुनेचे पाहुणे येत होते, जात होते. मग त्याने हिशेब मांडला. लाइन एक, पेटी माझ्या भिंतीवर, माझं चालतं आणि त्याचं चालत नाही. म्हणजे मी काहीतरी केलंय. जुनी वाट अडवली तशी ही पण अडवली.

मी बांगडे सुनेच्या हातात दिले आणि गडग्याशी गेलो. तो खळ्यात नारळाची सोडणं वाळत पसरत होता. मी विचारलं ते खरं काय.

"खरा," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"मगे माका इचारूचा सोडून देवाकडे गेलंस?"

"तुका इचारलंय तर तू सांगतलंस? कोर्टात इतकी वर्सा इचारी होतंय, तेवा सांगितलंस?"

मी म्हणालो, पेटी माझ्या भिंतीवर आहे पण तिला मी हातसुद्धा लावत नाही, धूळसुद्धा सून पुसते. तो म्हणाला, मी तुझं नाव घेतलेलंच नाही, मी म्हटलंय घरचा असो की भायला. आणि सोडणं उलटी करत राहिला. घरचा असो की भायला. आमच्याकडे असं म्हणतात तेव्हा बाहेरच्याला नाही, घरच्यालाच म्हणतात, ते लहान पोरालाही कळतं.

त्या दिवशी मी जेवलो नाही. सून म्हणाली, बाबा, लाइनवाल्याला बोलवूया, तो बघेल आणि सांगेल. मी म्हटलं, लाइनवाला माझ्या भिंतीवरची पेटी बघेल, आणि भाऊ म्हणेल तो माझ्या बाजूने बोलला. ज्या माणसाला ना त्याचं देणं ना माझं घेणं, असा माणूस पाहिजे. आणि तो मीच आणणार, म्हणजे मी घाबरत नाही हे त्याला दिसू दे.

त्याचा कॉम्प्युटर कट्टा गावातल्या एका बाईच्या दुकानातून आणलेला. मालवणात दुकानं आहेत, पण त्याच्या मुलाचा विश्वास तिच्यावर. मी एस्टीने कट्ट्याला गेलो. बाई पन्नाशीची, जाड चष्मा, बोलायला फटकळ. दुकानात शाळेची पोरं छपाईला उभी होती. मी तिला सगळं सांगितलं, नारळासकट. पोरं हसायला लागली. तिने एकदाच त्यांच्याकडे बघितलं, ती गप्प झाली. मग मला म्हणाली, काकानू, प्रॉक्सीचा दोष भिंतीवरच्या पेटीत नसता, सहसा कॉम्प्युटरातच असता. मी म्हटलं, हे वाक्य त्याच्यासमोर येऊन बोला. तिने दुकान नवऱ्याच्या ताब्यात दिलं, मला स्कूटरवर मागे बसवलं. एवढ्या वर्षांत बाईच्या मागे स्कूटरवर बसायची वेळ आली नव्हती, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. माझं नाव दगडापुढे पडलं होतं.

भावाच्या घरी ती खुर्चीत बसली, तो तिच्या उजव्या बाजूला, मी उंबऱ्यात. आत ये असं त्याने म्हटलं नाही आणि मी गेलो नाही. तिने काहीतरी उघडलं आणि आम्हा दोघांना दाखवलं. पडद्यावर एक बटण होतं, चालू केलेलं. त्याखाली आकड्यांचा पत्ता.

ती म्हणाली, "हा प्रॉक्सी. म्हणजे मधला माणूस. कॉम्प्युटरला सांगून ठेवलंय की तू थेट बाहेर जायचं नाही, आधी ह्या माणसाकडे जायचं, तो तुझं काम करून आणील. आणि हा पत्ता बघा. हा बाहेरचा नाही. ह्याच कॉम्प्युटरचा आहे."

भावाने विचारलं, म्हणजे कसलो?

"म्हणजे मधला माणूस ह्याच घरात बसला होता. आता तो नाही. कॉम्प्युटर त्याला हाका मारतोय, जबाब येत नाही, म्हणून काहीच लागत नाही."

मासळीच्या लिलावात मी जन्म काढलाय, मधला माणूस मला कळतो. तो तुमच्या टोपलीत हात घालतो आणि तुम्हाला वाटतं तो तुमचंच काम करतोय. पण त्याचा चेहरा तरी दिसतो, त्याच्या बापाला ओळखतो आपण. हा कोण होता, कधी आला, कोणाच्या परवानगीने ह्या खोलीत बसला, आणि भाऊ मुलाशी बोलत होता तेव्हा हा मध्येच बसून ऐकत होता काय? मी बाईला विचारलं. ती म्हणाली, ऐकत असेल नसेल सांगता येत नाही, पण सगळं त्याच्या हातातून जात होतं. भावाने टेबलाची कड धरली.

तिने विचारलं, आधी काही झालं होतं का, काही पाटी वगैरे आली होती? तर भाऊ म्हणाला, होय, मुलाने मागच्या सुट्टीत काहीतरी रखवालदार, अँटीव्हायरस का काय तो, घालून दिला होता, त्याची एक लाल पाटी आली होती, धोका सापडला म्हणून. खाली काढून टाका असं लिहिलं होतं. भावाने ते दाबलं. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून बंद.

"बरोबर," बाई म्हणाली. "रखवालदाराने चोराला हाकललं, पण चोराने लिहून ठेवलेला हुकूम तसाच राहिला."

तिने ते बटण बंद केलं. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. बटण बंदच होतं. मग तिने काहीतरी उघडलं आणि सगळं लागलं. एवढंच. मी उंबऱ्यावरून म्हणालो, आता आयक. माझ्या पेटीचा काय संबंध नाय. आता उठ, चल राखणदाराकडे आणि नारळ उचल.

भाऊ उठत होता. खरंच उठत होता, धोतराचा सोगा सावरला होता त्याने. तेवढ्यात बाईने सहज म्हणून विचारलं, हा चोर आला कशातून? काही नवीन घातलं होतं का कॉम्प्युटरात?

भाऊ म्हणाला, माका काय घालूक येता? भजनां तेवडी घातली, ती ह्याणां.

ह्याणां म्हणजे मी.

डबलबारीच्या भजनांचं मला वेड आहे. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गजरातून टोला मारायचा, दुसऱ्याने फेडायचा. रात्रभर बसलोय मी अशा बाऱ्यांना. आता गुडघ्यांनी बसवत नाही, म्हणून सुनेच्या कॉम्प्युटरवर मी शोधून काढायचो. कोणी शिकवलं नव्हतं, माझं मी शिकलो. जुन्या बाऱ्या फुकट उतरवून देणारा एक प्रोग्राम मला सापडला होता, त्याला हो हो म्हणत गेलो आणि तो बसला. मला त्याचा अभिमान होता. सुनेलाही सांगितलं नव्हतं, तिला वाटू दे की म्हाताऱ्याला जमतं. मग भावासाठी पेनड्राइव्हवर बाऱ्या भरून नेल्या. त्याच्याकडे त्या वाजेनात, म्हणून तो प्रोग्रामही नेला आणि त्याच्या खुर्चीत बसून मीच चढवला. त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी एक अख्खी बारी ऐकली. गडग्याच्या भांडणानंतर एवढा वेळ एकत्र आम्ही कधी बसलो नव्हतो.

बाईने प्रोग्रामचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने रखवालदाराची यादी उघडली आणि त्या नावावर बोट ठेवलं. रखवालदाराने हाकललेला चोर तोच.

भाऊ माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, शक्य नाही. माझ्या घरात तोच प्रोग्राम आहे, आणि माझा कॉम्प्युटर ह्या क्षणाला चालू आहे. चोर असता तर माझा पण बंद पडला असता. चला, बघा माझा. मी हट्टाने बोललो आणि मला त्यात शंका नव्हती. जे चालतंय ते बरं आहे, एवढं तरी माणूस धरून चालतो. इंजिनचा आवाज नीट आहे तर होडी बाहेर काढायची, असंच केलं मी जन्मभर.

आम्ही तिघे गडग्यावरून माझ्या घरी आलो. सून पाहुण्यांना उत्तर लिहीत होती, ती उठली. बाई बसली. तेच पान उघडलं. तेच बटण, चालू. तोच घरातला पत्ता.

तिने बटण बंद केलं.

आम्ही चौघे बघत होतो. कोणाचा हात माउसवर नव्हता. बाईने तर दोन्ही हात मांडीवर घेतले होते. आणि ते बटण आपोआप परत चालू झालं.

सुनेच्या तोंडून बारीक आवाज आला. बाईने परत बंद केलं. ते परत चालू झालं. मला समुद्राची भीती कधी वाटली नाही, वादळात दोनदा होडी उलटलीय माझी. पण तेव्हा मी दोन पावलं मागे सरकलो. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, कोणीतरी मला न विचारता हात पुढे करून बटण दाबत होतं आणि मला त्याचा हात दिसत नव्हता.

बाई हळू आवाजात म्हणाली, "त्यांचा बंद पडला, कारण चोर गेला होता. तुमचा चालतोय, कारण चोर अजून बसलाय."

आणि भिंतीवरच्या पेटीची वायर तिने स्वतः उपटली.

नंतर तिने काय काय केलं ते मला सगळं कळलं नाही. प्रोग्राम काढला, त्याने पेरून ठेवलेल्या आणखी दोन गोष्टी काढल्या, तिने आणलेल्या रखवालदाराला पूर्ण कॉम्प्युटर झाडायला लावला. सून शेजारी उभी राहून तिला एकेक विचारत होती, आणि तिचा चेहरा उतरत होता. पाहुणे खोली घेताना ओळखपत्राचे फोटो पाठवतात. ते ह्यातच होते. कोणाची आधार कार्डं, बायकापोरांची नावं, ती कधी येणार, कधी जाणार. बाईने तिला सांगितलं की सगळे पासवर्ड आता दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बदल, बँकेला कळव, आणि पाहुण्यांना सांग. सून म्हणाली, त्यांना काय सांगू? बाईने माझ्याकडे बघितलं नाही. पण सुनेने बघितलं. मग नजर वळवली आणि फोन घेऊन पडवीत गेली. तिथून तिचा आवाज येत राहिला, दर वेळी त्याच नरम सुरात, नमस्कार, मी तारकर्लीहून बोलतेय. एका पाहुण्याने फोन तिच्या तोंडावर आपटला असावा, कारण ती मध्येच थांबली आणि बराच वेळ माडांकडे बघत राहिली.

भाऊ खुर्चीच्या मागे उभा होता, दगडासारखा. मी म्हटलं, बोल काय ते. बाई गेल्यावर तो पण गडगा ओलांडून गेला.

आता माझ्यापुढे काय उरलं? नारळ माझ्या नावाने खोटा ठेवलाय, हे मी गावभर सांगून चुकलो होतो. मानकऱ्याला सांगितलं होतं, मच्छी विकणाऱ्या बायांना सांगितलं होतं. भाऊ आता तो उचलेल की राहू देईल, हे त्याच्या हातात. राहू दिला असता तरी कोणी त्याला चूक म्हटलं नसतं. ज्याने केलं त्याला पुढ्यात आण, असं त्याने मागितलं होतं. मी पुढ्यात आलो होतो. मी स्वतः एस्टीत बसून, कट्ट्याहून माणूस आणून, पुढ्यात आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेलं धोतर नेसलो आणि मानकऱ्याकडे गेलो. चल म्हटलं. तो विचारायला लागला, तुझ्या भावाने बोलावलंय का? मी म्हटलं, मी बोलावतोय. राखणदाराचा पाषाण बागेच्या टोकाला, आंब्याखाली. तिथे पोचलो तर भाऊ आधीच येऊन बसला होता, आंब्याच्या मुळावर. तो कशाला आला होता ते मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. नारळ दगडापुढे तसाच, शेंडीला मुंग्या लागलेल्या.

मानकऱ्याने हात जोडले आणि विचारलं, देवाला काय सांगू? ज्याने वाट अडवली तो कोण म्हणून सांगू?

कोर्टात मी कधी चूक कबूल केली नाही. बायको गेली तिच्याकडेही नाही. मी म्हटलं, "सांग, चोर भायलो, पण गेलो तो माज्या हातान. माज्या घरातसून गेलो."

मानकरी बा देवा म्हाराजा म्हणून सुरू करणार तेवढ्यात भाऊ उठला.

"थांब," तो त्याला म्हणाला. "आमच्या घरातसून, म्हण. आमच्या. घर एकच आसा ह्या."

मानकऱ्याने दोघांकडे बघितलं. आमचं कोर्टातलं भांडण त्याने लहानपणापासून ऐकलेलं. मग त्याने तसंच गाऱ्हाणं घातलं, आणि आम्ही दोघांनी होय म्हाराजा म्हटलं.

भावाने वाकून नारळ उचलला. त्याला दिसत नाही नीट, मुंग्या हातावर चढल्या. मी त्या झटकल्या. त्याने झटकू दिल्या.